दारिद्र्याचीं नांवें

मराठीचा कोणताही मोठा कोश घेऊन बसलें असतां एक गोष्ट लवकरच ध्यानांत येते. पैसेवाल्या माणसास आपण श्रीमंत, धनिक, सधन, गबर असें म्हणून थांबतों. परंतु ज्याच्याजवळ कांहीं नाहीं त्याच्यासाठीं मात्र शब्दांचें भांडार सताड उघडें आहे. गरीब, दरिद्री, दीन, दुबळा, निर्धन, अकिंचन, रंक, कंगाल, कफल्लक, भणंग, भिकारी, नादार, मोताद, दळभद्री, करंटा, ही यादी आणखी किती तरी लांबवितां येईल. हे शब्द समानार्थी म्हणून शाळेंत पाठ करविले जातात. आमच्या मतें त्यांतील कोणतेही दोन शब्द समानार्थी नाहींत. प्रत्येकाच्या मागें बोलणारा निराळा आहे: कोठें दाता, कोठें कारकून, कोठें कीर्तनकार, कोठें नुसता शेजारी. आणि ज्याला तो शब्द लागला त्याच्या पदरांत काय पडावें, अन्न कीं शिवी, हें पुष्कळदां त्या शब्दानेंच ठरविलें आहे. म्हणून या शब्दांचा इतिहास हा केवळ वैयाकरणांच्या करमणुकीचा विषय नव्हे.

प्रथम दरिद्र हाच शब्द घेऊं. पाणिनीय धातुपाठांत ‘दरिद्रा’ असा स्वतंत्र धातु दिला असून त्याचा अर्थ दुर्गति असा सांगितला आहे. भाषाशास्त्रज्ञ या धातूचा संबंध ‘द्रा’, म्हणजे धावणें, या मूळ धातूशीं लावतात. ज्या क्रियेची पुनःपुन्हा आवृत्ति होते ती दाखविण्यासाठीं धातूला द्वित्व येतें, तसें येथें आलें आहे. तेव्हां दरिद्र म्हणजे मुळांत धनहीन नव्हे, तर इकडून तिकडे धावणारा, भटकणारा. यजुर्वेदांतील शतरुद्रियांत हें विशेषण प्रत्यक्ष रुद्रास लाविलें आहे. श्रावणांत ज्यांच्या घरीं रुद्राचीं आवर्तनें होतात त्यांपैकीं फारच थोड्यांच्या हें लक्षांत येत असेल, कीं अभिषेकाच्या धारेखालीं आपण देवाला दरिद्र म्हणून हांक मारीत आहों!

आतां गरीब. हा शब्द अरबी. अरबींत त्याचा अर्थ परका, परदेशीं पडलेला, आपल्या माणसांपासून तुटलेला, असा आहे. फारशीच्या वाटेनें तो आपल्याकडे आला आणि येथें आल्यावर त्याचा परकेपणा गळून निर्धनता तेवढी उरली. दोन भाषा, दोन वंश, एकमेकांशीं संबंध नाहीं. तरी दोहोंनीं दारिद्र्याचें नांव घडविलें तें रिकाम्या थैलीवरून नव्हे, तर सुटलेल्या घरावरून. आम्हांस हा योगायोग वाटत नाहीं. दुष्काळांत माणूस आधीं धान्य विकतो, मग भांडीं, मग गुरें; आणि अगदीं शेवटीं तो गांव सोडतो. गांवांत आहे तोंवर त्याला नांव असतें, नातें असतें, वाण्याकडे उधारी असते. वेस ओलांडली कीं तो कोणी तरी एक होतो. आपल्या जुन्या कागदपत्रांत अशा लोकांविषयीं ‘परागंदा’ हा शब्द वारंवार येतो. तोही फारशी, आणि त्याचाही अर्थ विखुरलेला एवढाच. दुर्गादेवीच्या बारा वर्षांच्या दुष्काळाची जी आठवण महाराष्ट्रानें चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून जपून ठेविली आहे, तिच्यांतही मेलेल्यांच्या बरोबरीनें ओस पडलेल्या गांवांचीच गोष्ट सांगितली जाते.

हा झाला शब्दांचा जन्म. पुढें घरांत वाढतां वाढतां या दोघां भावांचे स्वभाव अगदीं निराळे झाले. गरीब शब्द मराठींत मवाळ झाला. गरीब गाय, गरीब स्वभावाचा मुलगा, बिचारा गरीब, असें आपण म्हणतों तेव्हां पैशाचा विचारही मनांत नसतो. जो उलट बोलत नाहीं, शिंग उगारीत नाहीं, तो गरीब. पाहुण्यास घरीं बोलावितांना आपल्या चांगल्या चौसोपी वाड्यासही ‘गरीबखाना’ म्हणण्याची दरबारी रीत होती. उलट दरिद्री हा शब्द शिवी झाला. दरिद्री विचार, कर्मदरिद्री, दरिद्री मेला, या प्रयोगांत धनाचा अभाव हा माणसाच्या अंगचा दोष ठरला आहे. करंटा आणि दळभद्री यांचीही तीच गत. ज्याच्याजवळ नाहीं तो नुसता दुर्दैवी नव्हे, त्याचा स्पर्शही अशुभ, अशी कल्पना या शब्दांच्या मुळाशीं बसलेली आहे.

ती कोठून आली हें पाहण्यास लांब जावें लागत नाहीं. लक्ष्मीची थोरली बहीण ज्येष्ठा, तीच अलक्ष्मी, तीच आपल्या बायकांच्या बोलण्यांतली अक्काबाई. घर बसलें म्हणजे ‘अक्काबाईचा फेरा आला’ असें म्हणत. लक्ष्मीपूजनाच्या रात्रीं सूप वाजवून अलक्ष्मीला घराबाहेर हांकलण्याचा आचार सर्वांस ठाऊक आहे. ज्या घरीं ही देवता रागावून नव्हे, तर नुसती फिरत फिरत येते असें मानिलें, त्या घरच्या माणसाचा दोष कांहींच नव्हता. तरी तिला हांकलण्याची संवय लागलेल्या हातांनीं, ज्याच्या घरीं ती बसली आहे त्यालाही दारांतून हांकललें, यांत नवल नाहीं. नम्र दिसेल तो गरीब आणि नम्र न दिसेल तो दरिद्री, असा एक अलिखित निवाडा आपल्या सुशिक्षित घरांतून आजही चालतो. मोलकरीण ‘गरीब आहे बिचारी’ असते; तिनें पगारवाढ मागितली कीं शब्द बदलतो.

याच ठिकाणीं एका लोकप्रिय प्रयोगाविषयीं थोडें विषयांतर करण्याची मुभा घेतों. अठराविश्वे दारिद्र्य म्हणजे काय? पुष्कळांचें उत्तर असें, कीं अठरा गुणिले वीस म्हणजे तीनशें साठ. वर्षाचे सगळे दिवस दारिद्र्य. उत्तर चटकदार आहे, पण आम्हांस तें पटत नाहीं. विसवा किंवा विश्वा म्हणजे विसावा भाग. उत्तरेकडे बिघ्याचा विसावा भाग तो बिस्वा, आणि एखादी गोष्ट पूर्णपणें खरी असेल तर ती वीस बिस्वे खरी म्हणतात. आपल्याकडील पंचांगांतही संवत्सरफल सांगतांना पाऊस किती विश्वे, धान्य किती विश्वे, हें सांगण्याची जुनी रीत आहे. त्या हिशेबानें अठराविश्वे दारिद्र्य म्हणजे विसांपैकीं अठरा भाग दारिद्र्य. उरलेल्या दोन भागांवर माणूस जगतो. पहिल्या उपपत्तींत नुसता गुणाकार आहे. दुसरींत दारिद्र्य पावसासारखें मोजलें आहे, आणि शेतकऱ्याच्या भाषेला तेंच शोभतें.

दारिद्र्याचा गौरव करणारे शब्दही आहेत. अकिंचन म्हणजे ज्याचें म्हणून कांहींच नाहीं. जैनांच्या दशलक्षण धर्मांत आकिंचन्य हें एक व्रत आहे. फकीर हा शब्द अरबी ‘फक्र’, म्हणजे गरज, निर्धनता, यावरून आला. इस्लामी धर्मशास्त्रांत जकातीस पात्र अशा आठ प्रकारच्या लोकांत फकीर व मिस्कीन असे दोन निरनिराळे वर्ग सांगितले आहेत, आणि या दोघांत अधिक हलाखीचा कोण यावर तेथील शास्त्र्यांनीं पुष्कळ वाद केला आहे. हा वाद शुष्क वाटेल, परंतु जेथें दान देणें हें बंधन आहे तेथें शब्दाची व्याख्या चोख ठेवावीच लागते. आपल्याकडे फकीर शब्दानें मात्र केवळ वैराग्य घेतलें आणि गरज सोडून दिली.

स्वेच्छेनें पत्करलेलें दारिद्र्य आणि अंगावर कोसळलेलें दारिद्र्य यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे, आणि संतांचीं चरित्रें सांगतांना आपले कथेकरी तें अंतर झांकून टाकितात. तुकोबांची पहिली बायको अन्नावांचून गेली, व्यापार बुडाला, हें त्यांनींच आपल्या अभंगांतून सांगितलें आहे. १६३० च्या सुमारास दख्खन व गुजरात यांवर जो भयंकर दुष्काळ आला त्याच काळांतली ही गोष्ट. ज्या माणसास दुष्काळानें लुटलें त्याला कीर्तनांत आपण पहिल्यापासूनच अकिंचन करून टाकतों. विवेकानंदांनीं वापरलेला व गांधींनीं घरोघर पोंचविलेला ‘दरिद्रनारायण’ हा शब्द थोर आहे, यांत शंका नाहीं. ज्या अशुभ माणसास दारांतून हांकलीत होते त्याला त्यांनीं देव्हाऱ्यांत बसविलें. परंतु देव्हाऱ्यांत बसलेल्यास नैवेद्य दाखवितात, पगार देत नाहींत, हीही शंका मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

भिक्षा आणि भीक या जोडीची कहाणी तर अधिकच बोलकी आहे. एकच संस्कृत धातु. तत्सम रूपांतून भिक्षुक निघाला, तो पूजा सांगणारा, दक्षिणा घेणारा, मानाचा. तद्भव रूपांतून भिकारी निघाला, त्याला दारांत उभें राहण्याचीही चोरी. ब्राह्मणाचा मुलगा पुण्यास विद्येसाठीं आला म्हणजे पांच घरीं झोळी घेऊन जाई; त्याला माधुकरी हें सुंदर नांव होतें. मधमाशी जशी फुलाला न दुखवितां थोडा थोडा मध घेते तसा हा विद्यार्थी. कोणी सात घरीं वार लावून जेवत. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या आजोबा-पणजोबांनीं असेच दिवस काढले असतील, आणि घरांत तें अभिमानानें सांगितलेंही जात असेल. तो अभिमान रास्त आहे. परंतु त्याच आळींत, त्याच वेळीं, तसाच भुकेला दुसऱ्या जातीचा मुलगा हात पसरून उभा राहिला तर त्याच्यासाठीं मधमाशीची उपमा कोणास सुचली नाहीं.

कायद्यानेंही हा भेद पुढें चालविला. मुंबई राज्यांत १९५९ सालीं भीक मागण्यास बंदी करणारा अधिनियम झाला. त्यांतील व्याख्या वाचण्यासारखी आहे. गाणें, नाचणें, भविष्य सांगणें, कसरत करून दाखविणें, अशा मिषानें सार्वजनिक जागीं पैसे घेणें ही भीक ठरली. वासुदेव, पिंगळा, नंदीबैलवाला, डोंबारी हे सगळे या शब्दांच्या कक्षेंत येतात. सुगीच्या दिवसांत खळ्यावर ज्यांचा ठरलेला वांटा असे, ज्यांस घरधनीण ‘वासुदेव आला’ म्हणून पहाटे सुपांतून दाणे घाली, त्यांचें मागणें त्यांच्या लेखीं हक्काचें होतें. शब्द बदलला आणि हक्काचा गुन्हा झाला. त्याच व्याख्येंत आणखी एक कलम आहे: निर्वाहाचें कोणतेंही साधन दिसत नसतां सार्वजनिक जागीं भटकणें. धातुपाठांतला तो जुना अर्थ येथें पुनः भेटतो, पण आतां त्याला शिक्षा आहे. हाच कायदा दिल्लीसही लागू केलेला होता. तेथील उच्च न्यायालयानें भिकेला गुन्हा ठरविणारीं त्याचीं कलमें ऑगस्ट २०१८ मध्यें घटनाबाह्य म्हणून रद्द केलीं.

सरकारी भाषेंत दारिद्र्याची मोजदाद प्रथम मोठ्या प्रमाणावर झाली ती १८७६ ते १८७८ च्या दुष्काळांत. खरा गरजू कोण हें ठरवावयाचें कसें, हा सरकारपुढील प्रश्न. आणि उत्तर असें, कीं त्याला कसोटीस लावावें. काम कष्टाचें असावें, मजुरी पोटापुरती असावी, जागा घरापासून दूर असावी. जो इतकें सोसून येईल तोच खरा गरजू! सर रिचर्ड टेंपल यांनीं १८७७ सालीं पुरुषाची दिवसाची मजुरी एक पौंड, म्हणजे सुमारें अर्धा शेर, धान्य व वर एक आणा इतकी खालीं आणिली. माती उपसणाऱ्या माणसाचा एवढ्यानें निभाव लागणें शक्य नव्हतें. दख्खनमधील कामांवरच्या हजारों मजुरांनीं कामें सोडलीं. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें, गणेश वासुदेव जोशी व न्यायमूर्ति रानडे यांच्या पुढाकारानें, त्यांची बाजू लावून धरिली. सरकारी कागदांत हे लोक हट्टी, आळशी ठरले. सभेच्या अर्जांत ते उपासमारीचे बळी ठरले. माणसें तींच होतीं.

त्याच सालीं जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजानें धनकवडीस दुष्काळग्रस्त मुलांसाठीं अन्नछत्र उघडिलें व त्याला ‘व्हिक्टोरिया बालाश्रम’ असें नांव दिलें. सरकार जेथें निराधारांस ठेवी त्यास ‘गरीबखाना’ म्हणत. दरबारी विनयाचा तो शब्द असा कोंडवाड्याचें नांव होऊन बसला. फुल्यांनीं आश्रम शब्द निवडला, आणि तो निष्काळजीपणें निवडला असेल असें आम्हांस वाटत नाहीं. १८७७ च्याच आरंभीं कृष्णराव भालेकरांनीं ‘दीनबंधु’ पत्र काढिलें. पुढें १९१० पासून मुकुंदराव पाटलांनीं ‘दीनमित्र’ चालविलें. स्तोत्रांतून देवाला दीनबंधु म्हणण्याची परंपरा जुनी. या मंडळींनीं तो शब्द देवाकडून काढून वर्तमानपत्राकडे दिला. येथें दीन म्हणजे कीव करण्याजोगा नव्हे. येथें दीन म्हणजे ज्याची बाजू कोणी तरी छापून मांडली पाहिजे असा माणूस. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत फुल्यांनीं विशेषणें जवळजवळ टाकूनच दिलीं, आणि कुणब्याच्या घराचें, त्याच्या अंगावरील वस्त्राचें, त्याच्या भाकरीचें वर्णन करून ठेविलें. इतक्या उशिरांही त्या वर्णनाची धार कमी झालेली नाहीं.

कचेरींतला आणखी एक शब्द मध्यमवर्गाच्या घरांत शिरला, तो नादार. फारशी ‘ना-दार’, ज्याजवळ नाहीं तो. दिवाळें निघालेला तो नादार. कोर्टाची फी भरण्यास असमर्थ असा वादी तो नादार. आणि शाळेंत फी माफ झालेला विद्यार्थीही नादार. १९०८ च्या दिवाणी व्यवहारसंहितेंत अंगावरचे जरूरीचे कपडे व दाव्याची वस्तु सोडून ज्याच्याजवळ शंभर रुपयांचीही मालमत्ता नाहीं अशास फीशिवाय दावा लावण्याची सोय होती. तेथील मूळचा शब्द ‘पॉपर’. १९७६ च्या दुरुस्तीनें तो काढून त्या जागीं निर्धन या अर्थाचा सौम्य शब्द घातला व शंभराचे हजार केले. नांव सुधारल्यानें दावेदाराच्या खिशांत कांहीं पडत नाहीं, असें म्हणणारे म्हणोत. भर कोर्टांत पुकारा होतो तेव्हां कोणत्या नांवानें होतो याला महत्त्व आहे. शाळेंत मास्तर फीचा तक्ता वाचीत आणि एखाद्या मुलाच्या नांवापुढें ‘नादारी’ म्हणून थांबत, तेव्हां त्या मुलास काय वाटे, हें विचारणारा कोणी नव्हता.

शब्दांची ही गर्दी बाजूस सारून आंकडा पुढें करण्याचें काम दादाभाई नौरोजींनीं केलें. १८७६ सालीं वाचलेल्या निबंधांत त्यांनीं हिंदी माणसाचें सरासरी वार्षिक उत्पन्न वीस रुपये असल्याचें दाखविलें, आणि तें तुरुंगांतील कैद्याच्या निर्वाहास लागणाऱ्या खर्चाहूनही कमी असल्याचें सांगितलें. १९०१ च्या त्यांच्या ग्रंथाच्या नांवांतच दारिद्र्य हा शब्द आहे. येथें प्रथमच तो शब्द एका माणसाचा दोष न राहतां देशाची स्थिति झाला, आणि स्थिति म्हटली कीं तिचा कर्ता शोधणें आलें.

स्वातंत्र्यानंतर याच मार्गावर दारिद्र्यरेषा अवतरली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेंतील वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनीं १९७१ सालीं जो अभ्यास प्रसिद्ध केला त्यांत १९६०-६१ च्या किंमतींनीं खेड्यांत माणशीं दरमहा पंधरा रुपये व शहरांत साडेबावीस रुपये ही कसोटी होती. रोज २२५० उष्मांकांचें अन्न मिळण्यास एवढें लागतें. त्या खालीं खेड्यांतील चाळीस टक्के व शहरांतील पन्नास टक्के लोक आहेत, असा त्यांचा निष्कर्ष. त्याच वर्षींच्या निवडणुकींत घोषणा झाली ती मात्र ‘गरीबी हटाव’ची. अहवालांत दारिद्र्य आणि व्यासपीठावर गरीबी! संस्कृत शब्दानें मोजावयाचें आणि अरबी शब्दानें हांक मारावयाची, ही वांटणी तेव्हांपासून कायम झाली. पुढें २०११ सालीं नियोजन मंडळानें सर्वोच्च न्यायालयापुढें शहरांत रोज ३२ व खेड्यांत २६ रुपये ही रेषा सांगितली, तेव्हां देशभर उपहास झाला. तो योग्यच होता. परंतु पंधरा रुपयांची रेषा काढणारांनीं ती दारिद्र्य किती मोठें आहे हें दाखविण्यासाठीं काढिली होती, हें त्या गदारोळांत विसरलें गेलें.

महाराष्ट्रानें या शब्दसंग्रहांत घातलेली आमच्या मतें सर्वांत मोलाची भर म्हणजे ‘हमी’ हा शब्द. वि. स. पागे यांच्या कल्पनेंतून निघालेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळांत विस्तारली व १९७७ सालीं तिचा कायदा झाला. या नांवांत घेणाऱ्याचें वर्णनच नाहीं. तो गरीब आहे कीं दीन, याची चौकशी नाहीं. काम मागेल त्याला काम. मराठवाड्यांत व नगर-सोलापुराकडे म्हातारीं माणसें अजून सांगतात, ‘आम्ही बहात्तरांत खडी फोडली, सुकडी खाल्ली.’ त्या सांगण्यांत लाज आढळत नाहीं. भीक मागितली असें कोणी म्हणत नाहीं, कारण मागितलेली नव्हती.

अलीकडे कागदच शब्द झाले आहेत. १९९९ सालीं राज्यांत शिधापत्रिकांस पिवळा, केशरी व पांढरा असे तीन रंग मिळाले. तेव्हांपासून खेड्यांत ‘आमचें पिवळें आहे’ एवढ्यानें काम भागतें. सन २००० मध्यें अंत्योदय अन्न योजना आली. धर्मादाय रुग्णालयांसाठीं २००६ सालीं उच्च न्यायालयानें जी योजना घालून दिली तींत दहा टक्के खाटा ‘निर्धन’ व दहा टक्के ‘दुर्बल’ घटकांसाठीं राखून ठेविल्या आहेत. निर्धनास मोफत, दुर्बलास सवलतीनें. आरंभीं वर्षाला पंचवीस हजारांपर्यंत उत्पन्न तो निर्धन व पन्नास हजारांपर्यंत तो दुर्बल, अशी मर्यादा होती. ती पुढें वाढविण्यांत आली. आपल्या कोशांत निर्धन व दुर्बल यांच्यामध्यें अशी कोणतीही पायरी नाहीं. रुग्णालयाच्या खिडकीपाशीं मात्र ती आहे, आणि तिच्यावर शस्त्रक्रियेचा खर्च अवलंबून आहे. खिडकीबाहेर उभ्या असलेल्या माणसास आपण यांपैकीं कोण हें पुष्कळदां ठाऊक नसतें. काय करतां असें विचारलें तर तो सांगतो, हातावर पोट आहे. आणि तेथला कारकून दाखल्यावरचा आंकडा पाहूं लागतो.